सख्खी मावशी

१२ जानेवारी

ताई,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलेली पत्रं तुझ्या सासूबाई फोडतात आणि माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून दुसरा मार्ग नव्हता. भांडायला लिहीत नाही. कामाचं आहे. वाचून फाडून टाकलंस तरी चालेल, पण सोबतचा रिपोर्ट फाडू नकोस.

नोव्हेंबरात मी कामावर पडले. लोक चक्कर म्हणतात, पण चक्कर येण्याइतकाही वेळ मिळाला नाही. उभी होते, हातात एका आजोबांची खालची कवळी होती, आणि मग मी नव्हतेच. मालक म्हणाले, "डोळे उघडे होते तुझे, पण आत कोणी नव्हतं." आमची लॅब दातांच्या दवाखान्याच्या वर आहे हे बरं झालं. खालच्या डॉक्टरीणबाई झटका द्यायचं यंत्र घेऊन धावत वर आल्या. नाहीतर हे पत्र लिहायला मी नसते. ती कवळी मात्र फुटली. आजोबांना नवी करून द्यावी लागली.

हॉस्पिटलात छातीवर यंत्र फिरवून सांगितलं की माझ्या हृदयाच्या भिंती जाड आहेत. जन्मापासूनचा दोष. रक्तातून उतरतो, आईबापाकडून पोराकडे, अर्ध्यांना येतो आणि अर्ध्यांना येत नाही. बरीच वर्षं काही कळत नाही. मग धावताना, जिना चढताना, कधी नुसतं उभं असताना ते बंद पडतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय?"

मी म्हटलं, बाबा. शेजाऱ्यांचं कपाट वर चढवू लागायला गेले आणि जिन्यातच बसले. तू एकोणीस वर्षांची होतीस. मला फक्त ते कपाट आठवतं. दोन दिवस तसंच जिन्यात आडवं होतं आणि येणारेजाणारे अंग चोरून जात होते.

माझ्या छातीत आता एक डबी बसवलीय, डाव्या खांद्याखाली, काड्यापेटीएवढी. हृदय भलतंच धावायला लागलं की ती आतून लाथ मारते. आतापर्यंत एकदा मारली, दात घासताना. धातू वितळवायच्या यंत्राजवळ जायची मला बंदी झालीय, त्या यंत्राने डबी बिथरते म्हणे. म्हणून मालकांनी मला मेणकामावर आणि रंग जुळवायला बसवलंय. बसून काम आहे. वाईट नाही.

डॉक्टरांनी विचारलं, भावंडं? एक मोठी बहीण, मी म्हटलं. मुलं? मी म्हटलं, मला मुलं नाहीत. खरंच आहे ते.

तर तू रक्त तपासून घे. रिपोर्टवर दोष कुठला ते लिहिलंय. तोच शोधायला सांग, म्हणजे सोपं जातं. बाकी जे आहे ते मी इथे लिहीत नाही. तुला वेगळं सांगायला नको.

धाकटी

९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. टाइप केलेल्या. तू मला पत्र टाइप करून पाठवशील असं वाटलं नव्हतं, पण असो.

तू लिहिलंयस: "माझी तपासणी झाली. माझ्यात तो दोष नाही, त्यामुळे माझ्या मुलीला तपासायची गरज नाही असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. तू तब्येतीची काळजी घे."

तुझ्यात नाही हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं असेलही. मी पत्र घडी करून ठेवलं आणि कामाला बसले, आणि एका बाईच्या पुढच्या दाताचा रंग तीनदा चुकवला. तेव्हा कळलं की काहीतरी वाटलंय.

आडून बोललं की काय होतं ते पाहिलं. म्हणून आता सरळ लिहिते. तुझ्या डॉक्टरांचं म्हणणं इतर कुठल्याही आईच्या बाबतीत बरोबर आहे. आईत नाही तर आईकडून लेकीत येणार कसं? पण तुझी लेक, आपली बेडकी, तुझ्या बीजाची नाही, ताई. माझ्या बीजाची आहे. माझ्यात दोष आहे. तिच्यात असेल किंवा नसेल, नाणं वर उडवल्यासारखं. आणि जिथे उपचार झाले तो दवाखाना सोडला तर हे जगात तिघांनाच ठाऊक आहे: तू, भावोजी आणि मी. तुझ्या डॉक्टरांना ठाऊक नाही, म्हणून ते चुकले. ते खोटं बोललेले नाहीत.

तू विसरली असशील असं मला वाटत नाही. पण कधीकधी वाटतं, विसरलीसच. इतकी वर्षं एखादी गोष्ट सांगितली नाही की ती झालीच नव्हती असं होत असेल.

तेव्हा तू पंचेचाळीसची होतीस. तुझ्या स्वतःच्या बीजांवर तीन वेळा उपचार झाले होते आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आली होतीस. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या टेबलावर गर्भाशयाचं गुलाबी प्लास्टिकचं मॉडेल होतं आणि त्यात ते पेनं ठेवायचे. ते म्हणाले, "बाई, घर मजबूत आहे. बियाणं जुनं झालंय. घर पन्नाशीतही चालतं, बियाणं चालत नाही. दुसरीचं घेतलंत तर मूल तुम्हीच वाढवाल, तुमच्याच पोटात." तू घरी आलीस आणि माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, "शेजारीण वाटीभर साखर मागायला येते ना, तशी आलेय. अंडी आहेत का गं?" आणि हसलीस, आणि मग तिथेच चपला न काढता रडलीस.

मी हो म्हटलं. विचार केला नाही. बाबा गेल्यावर तू कॉलेज सोडलंस, मला वाढवलंस, माझ्या वेण्या घातल्यास. मी एवढी तुझ्या मागेमागे असायचे की सगळे मला शेपूट म्हणायचे. शेपटीला कोणी विचारतं का, येतेस का म्हणून?

दहाबारा दिवस तू स्वयंपाकघरात मला पोटावर इंजेक्शनं दिलीस. आधी संत्र्यावर सराव केलास. टोचताना तूच डोळे मिटून घ्यायचीस. मी म्हणायचे, "ताई, निदान एक तरी डोळा उघड." पोट फुगलं, पाळीसारखं दुखत राहिलं, मग एका सकाळी भूल देऊन बीजं काढली. त्याआधी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मला एकटीला बसवून विचारलं होतं, "मूल झाल्यावर ते आपलं आहे असं वाटेल का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, जरा विचार करून सांगा. मी जरा थांबले आणि परत नाही म्हटलं. ते खरं होतं. अजूनही खरं आहे. मी तिची आई नाही, मला व्हायचंही नाही. फक्त तिच्या छातीवर ते यंत्र एकदा फिरवलं जावं, एवढंच.

तू तेव्हा म्हणाली होतीस, "हे आपल्या तिघांत. मरेपर्यंत." मी बरं म्हटलं होतं.

कोण मरेपर्यंत, ते आपलं ठरलं नव्हतं.

धाकटी

२१ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. भावोजींना फोन केला. त्यांनी उचलला, "मीटिंगमध्ये आहे" म्हणाले आणि ठेवला. मागून टीव्हीचा आवाज येत होता. माणूस वाईट नाही, पण दोन बायकांच्या मध्ये कधी उभा राहिला नाही तो.

त्यांनी स्टेटसला लावलेला फोटो मात्र मी पाहिला. बेडकी तरणतलावाच्या काठावर, डोक्याला टोपी, गळ्यात पदक. पाळण्यात पाय दुमडून झोपायची म्हणून तू हे नाव ठेवलंस, आणि आता खरंच पोहते. फोटोखाली लिहिलं होतं: एप्रिलमध्ये मोठी स्पर्धा.

ताई, माझे डॉक्टर म्हणतात की या दोषात जोराचं पोहणं सगळ्यात वाईट. धावताना कोणी पडलं तर निदान जमिनीवर पडतं.

मला ठाऊक आहे तुला काय वाटतंय. तुला मामीचं ते वाक्य अजून टोचतंय. बेडकी चार वर्षांची होती, सगळे जेवायला जमले होते, आणि मामी म्हणाली, "अगदी मावशीवर गेलीय हो. हनुवटी बघा, जशीच्या तशी." मामीला कसलाच पत्ता नव्हता. पोरी मावशीवर जातात, लोक म्हणतातच. पण तू वाढायचं पातेलं तसंच हातात धरून उभी राहिलीस. दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणालीस, "तू यापुढे येऊ नकोस. तू तिच्याकडे बघतेस तेव्हा मोजतेस."

"काय मोजते?"

"तिच्यात तुझं किती आहे ते."

मी मोजत नव्हते. ती भातातले वाटाणे वेचून ताटाखाली लपवत होती आणि मी ते बघत होते. पण तुला पटवून द्यायचा कंटाळा आला, खरं सांगते. मी म्हटलं, बरं, नाही येत. पुढे तुम्ही गाव बदललंत. पाच वर्षं झाली. मला वाटलं होतं की याचा त्रास होईल. झाला नाही. कामावर जायचं, यायचं, खिडकीतली झाडं आहेत, त्यांना पाणी घालायचं. चाललं होतं.

तुझ्या डॉक्टरांना एक वाक्य सांग. एकच. हवं तर बेडकीलाही सांगू नकोस, कोणालाच नको. डॉक्टर गुपित ठेवतात.

धाकटी

१० एप्रिल

ताई,

तरणतलावावर तुझ्याशी समोरासमोर बोलणं झालं, तरी पुन्हा लिहितेय, कारण तू कपडे बदलायच्या खोलीकडे गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही.

आधी तुझ्या माझ्यात झालं ते. मी न कळवता आले म्हणून तू चिडलीस. कळवलं असतं तर तू भेटली नसतीस. तू बारीक झालीयस. चष्म्याची काच बदलायला झालीय, डोळे बारीक करून बघत होतीस. मला ओळखायलाही तुला क्षणभर लागला, आणि मग तू हात बांधून उभी राहिलीस.

"डॉक्टर सासूबाईंचा सख्खा भाचा आहे," तू म्हणालीस. "आज त्याला सांगितलं की उद्या अख्ख्या घराला. गुपितं ठेवणारे डॉक्टर तुझ्याकडे असतील."

"मग दुसऱ्या डॉक्टरकडे जा."

"आणि घरी काय सांगू, घरचा सोडून बाहेर का गेले? सासूबाई प्रत्येक वेळी सोबत येतात. प्रत्येक वेळी." मग तू आवाज खाली आणलास. "सगळे म्हणतात, आईसारखी हट्टी आहे. आईसारखी डावरी आहे. तेवढंच आहे गं माझ्याकडे. तेही घेऊन जाशील तू."

मी काही नेत नाहीये, मी म्हटलं. बहुतेक मी ते फार कोरडं म्हटलं. आजकाल माझं सगळंच कोरडं निघतं. गोळ्यांनी होतं असं डॉक्टर म्हणतात, पण मला नाही वाटत गोळ्यांनी होत असेल.

तू निघून गेलीस. मी तिथेच बाकावर बसले. तेवढ्यात बेडकी आली. टॉवेल गुंडाळलेला, केसांतून पाणी गळत होतं.

"तुम्ही आत्ता आईशी भांडत होतात ना?"

"नाही गं."

"आई असे हात बांधते तेव्हा भांडतच असते." तिने हात बांधून दाखवले. हुबेहूब तू. तू ते बघायला हवं होतंस. "तुम्ही कोण?"

तू मला काय म्हणून ओळख करून दिली असतीस ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "मी दात बनवते."

तिला ते पुरलं. माझ्या शेजारी बसून तिने तोंड उघडलं आणि एक सुळा दाखवला, जरा तिरपा येतोय. "हा काढून दुसरा बनवाल?"

"हा चांगला आहे. हाच ठेव."

मग पाय हलवत बसली. शर्यत कशी असते ते सांगत होती, कोण कुठल्या रांगेत, कोण फसवते. मी विचारलं, "पोहताना दमतेस का?" ती म्हणाली, "दमत नाही. पण शेवटच्या फेरीला इथे मासा अडकतो." तिने छातीवर हात ठेवला. "फडफड करतो. मग डोळ्यांपुढे काळं होतं, पण थोडंसंच. हात लावला की जातं." आणि लगेच म्हणाली, "आईला सांगू नका हं. ती पोहणं बंद करेल."

मी बरं म्हटलं.

ती गेल्यावर मी तिच्या पोहण्याच्या बाईंना गाठलं. शिट्टी गळ्यात, एक डोळा पाण्याकडे. मी सांगितलं, हिच्या घरात हृदयाचा दोष आहे, मला आहे, आमचे वडील त्यानेच गेले, तिची तपासणी होईपर्यंत तिला पाण्यात उतरवू नका. त्या म्हणाल्या, "तुम्ही हिच्या कोण?" मी म्हटलं, "सख्खी मावशी." तेवढंच. तुला दिलेला शब्द मी मोडलेला नाही. बाई भल्या आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या सहीचा दाखला मागितलाय, तो मिळेपर्यंत स्पर्धेतून नाव काढलंय.

आता तू चिडली असशील. चिड. पण पुढचं ऐक. त्या दाखल्यासाठी तू तुमच्या डॉक्टरकडे जाशील. तो म्हणेल, आईत दोष नाही, मग मुलीत कुठून येणार, आणि सही करून टाकेल. छातीवर यंत्रही फिरवणार नाही. मग ती परत पाण्यात उतरेल आणि त्या वेळी तिला अडवायला कोणाकडे कारण नसेल. माझ्या हातात होतं ते मी केलं. उरलेलं तुझ्या तोंडात आहे.

माशाचं मी तुला सांगितलं, हे तिला कळू देऊ नकोस. मी बरं म्हटलं होतं तिला.

धाकटी

२ मे

ताई,

काल भावोजींचा फोन आला. या वेळी मागे टीव्ही नव्हता. जिन्यात उभे राहून बोलत होते, आवाज घुमत होता.

मी जे ऐकलं ते लिहिते. तुझ्याकडून ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण तुला ते परत बोलवणार नाही हे मला समजतं.

भावोजी म्हणाले, तुम्ही चौघं गेला होतात. सासूबाई नेहमीप्रमाणे डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत. डॉक्टर गप्पा मारत होते, दाखल्याचा कागद पुढे ओढला होता, पेनाचं टोपणही काढलं होतं. म्हणाले, "वहिनी निर्दोष आहेत, मग प्रश्नच मिटला." आणि तू बेडकीला म्हणालीस, "बाहेर जाऊन मासे बघ." बाहेर काचेची पेटी आहे म्हणे. ती गेली. दार लागल्यावर तू म्हणालीस, "सही करू नका. ती माझ्या बीजाची नाही. माझ्या बहिणीच्या बीजाची आहे. बहिणीत दोष आहे."

भावोजी म्हणाले, बाहेरून पेटीतल्या पंपाची बुडबुड ऐकू येत होती. त्यांना वाटलं, आता आई काहीतरी भयंकर बोलणार. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, परत लावला आणि भाच्याला म्हणाल्या, "मग बसलायस काय पेन धरून? पोरीला आत घे."

इतकंच. नऊ वर्षं आपण तिघं ज्या बाईला घाबरलो तिला एवढंच म्हणायचं होतं. नंतर गाडीत त्या तुझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि अजून बोलत नाहीत, हेही भावोजींनी सांगितलं. "तिला बीजाचं काही नाही," ते म्हणाले, "तिला सांगितलं नाही त्याचा राग आहे." तो राग जाईल किंवा नाही जाणार. वय झालंय त्यांचं.

आणि बेडकीत दोष निघाला.

मी ते ऐकलं तेव्हा कामावर होते. भावोजी सांगत होते की भिंत जरा जाड आहे, अजून फार नाही, वेळेत कळलं, गोळ्या सुरू केल्यात, दर काही महिन्यांनी तपासायचं, सावकाश खेळायला हरकत नाही पण शर्यत कधीच नाही. अजून एक मोसम पोहली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी हो, हो म्हणत होते. फोन ठेवून मी हातातलं मेण संपवलं. मग मालकांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, भाचीला माझ्यासारखंच आहे. ते म्हणाले, "अरेरे. घराण्यातलंच असतं हे." मी म्हटलं, हो.

तुला माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि मी ते दिलं. त्यात हेही होतं. आपल्याला दोघींना दिसत नव्हतं. यात माझा दोष नाही असं मला माझे डॉक्टर सांगतात, समुपदेशकही सांगतील. मला पटतं. पटून काही होत नाही. हनुवटी दिली, ती तुला चालली नाही. हे तर कोणालाच चालणार नाही.

पण तू बोललीस, ताई. मी असते तर सासूबाईंसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली असती.

तुझी शेपूट

१६ जून

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. या वेळी हाताने लिहिलेली. "अजून फोनवर बोलायचं बळ नाही. पण तू लिहीत जा. घरी पाठवलंस तरी चालेल." म्हणून हे घरच्या पत्त्यावर. सासूबाईंनी आधी फोडलं असेल तर त्यांना माझा नमस्कार.

बेडकीला तू सांगितलंस हे भावोजींकडून कळलं. पलंगावर शेजारी बसवून सांगितलंस म्हणे, बीज मावशीचं, पोट माझं, आणि तिने फक्त विचारलं, "आणि बाबा?" बाबा बाबाच आहेत म्हटल्यावर खेळायला गेली. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नाही. रविवारी दुपारी तिने मला फोन केला. तुझ्या फोनवरून. तू माझा नंबर परत सुरू केलायस हे मला असं कळलं. तू मागे अंगणात कपडे वाळत घालत होतीस, असं ती कुजबुजत म्हणाली. ती काय बोलली ते ती तुला सांगणार नाही. मी काय बोलले ते तर नाहीच. म्हणून लिहिते.

"मावशी, तूच ती दात बनवणारी ना?"

"हो."

"मला तुझ्याकडे यायचंय राहायला. आईने माझं पोहणं बंद केलं. टोपी पण लपवून ठेवलीय. ती दुष्ट आहे." श्वास घ्यायला थांबली. "आणि ती माझी खरी आई नाहीच आहे. तू आहेस. मग तू ठरव ना. तू हो म्हणालीस तर मला पोहता येईल."

ताई, माझ्या खोलीत तेव्हा काहीच चाललं नव्हतं. इस्त्री गरम होत होती. मी खुर्चीवर बसले. इतके महिने मला काही वाटत नाही, काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते, तुलाही सांगितलं. ती ‘तू आहेस’ म्हणाली तेव्हा मला वाटलं. काय ते लिहीत नाही. समुपदेशक बाईंनी विचार करून सांगा म्हटलं होतं, तो विचार बहुधा मी रविवारी केला. फार वेळ लागला नाही त्याला. एवढंच की ती पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होती.

मग मी म्हटलं, "बेडके, तुझं पोहणं आईने बंद केलं नाही. मी केलं."

"तू?"

"तू मला माशाचं सांगितलंस ना? मी लगेच जाऊन तुझ्या बाईंना गाठलं. स्पर्धेतून नाव मीच काढायला लावलं. आईला माशाचंही मीच सांगितलं."

"पण तू बरं म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते. आणि मग सांगितलं."

पुढे मी म्हटलं, "आईचा काही दोष नाही. आणि आई तीच आहे. मी मावशी आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव."

"तू घाणेरडी आहेस," ती म्हणाली. "मी तुझ्याशी कध्धीच बोलणार नाही. कध्धीच."

"बरं," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला नाही. रागाने ठेवायचा असतो हे अजून तिला कळत नाही. नुसतं नाक ओढण्याचा आवाज येत होता. मीही ठेवला नाही. मग दार वाजलं, आणि दुरून तुझा आवाज आला, "कोणाशी बोलतेयस गं? रडतेस का?" ती "आई" म्हणाली. पुढचं काही नीट कळलं नाही, कारण फोन कुठेतरी गादीवर पडला असावा. तू काहीतरी विचारत होतीस, ती "मावशीने, मावशीने" करत होती, आणि मग तुम्ही दोघी फोनच्या अगदी जवळ आलात, तू तिला मांडीवर घेतलंस बहुतेक, इतकी मोठी झालीय तरी. तू "असू दे, असू दे" म्हणत होतीस. ती आधी जोरात रडली आणि मग हळू.

मी थोडा वेळ ऐकलं. मग फोन बंद केला.